चाळीस गुणांची फौजदारकी

फौजदारकीच्या मुलाखतीला ४० गुण असतात. मुख्य परीक्षा ४०० ची. मैदान १०० चं, पण ते आता पात्र ठरण्यापुरतं. त्याचे गुण यादीत धरत नाहीत. म्हणजे ४४० मधले हे ४०, अकरावा हिस्सा. तेवढ्यावरून माझ्या बायकोच्या आजोळी, साताऱ्याजवळच्या एका घरात, सध्या दोन पक्ष पडले आहेत.

एक पक्ष मामांचा. मामा शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे गेली. दुसरा पक्ष माझ्या बायकोचा. ती पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवते आणि मुलाखतींचा हंगाम आला की पोरांचे मॉक घेते. भांडणाचा विषय मामांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा. लेखी निघालं, मैदान निघालं, आता लोकसेवा आयोगापुढे बसायचं. मी जावई. जावयाला अशा वादात चहा मिळतो, मत मिळत नाही. म्हणून ऐकलं ते लिहितो आहे.

मामांचं म्हणणं पहिल्यापासून एकच. "मुलाखतीची तयारी म्हंजे काय करायचं असतंय? हाय तो माणूस समोर बसणार. त्याला काय रंग द्यायचा?"

"रंग द्यायचा नाही मामा. जे आहे ते दिसायला तर पाहिजे? समोर आयोगाचे सदस्य, शेजारी वरिष्ठ पोलीस अधिकारी. मोजकी मिनिटं. तिथं याची जीभ टाळूला चिकटली, तर पोटात काय होतं ते कोण बघायला जातंय?"

"वरिष्ठ अधिकारी म्हंजे जन्मभर खोटं ऐकत आलेला माणूस. आरोपीचं ऐकलं, फिर्यादीचं ऐकलं, आमचं बी ऐकलं. त्याला तुझ्या क्लासातलं ऐकवणार व्हय?"

इथपर्यंत दोघंही मजेत होते. आत कसं जायचं, परवानगी कशी मागायची, खुर्ची ओढताना आवाज करायचा नाही, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, यावर मामांची काही हरकत नव्हती. बुटाच्या पॉलिशवर तर त्यांनी स्वतःच भर घातली. गाडी अडली ती नेहमीच्या प्रश्नावर.

"मेकॅनिकल इंजिनिअर झालात. मग पोलिसात कशाला?" बायकोनं आवाज बदलून विचारलं. मॉकच्या वेळी तिचा आवाज एकदम सरकारी होतो.

"मॅडम, मला लहानपणापासून वर्दीचं आकर्षण होतं आणि समाजाची सेवा..."

मामा मोठ्यानं हसले. "लहानपणी माझी वर्दी बघितली की ह्यो कॉटखाली दडायचा! खरं सांग की. कंपनीत काँट्रॅक्टवर घेत्यात, अकरा महिन्यांनी काढत्यात. ह्याच्या संग शिकलेली पोरं आजबी शिफ्ट मारत्यात. पगार पक्का, गावात पत. त्यात लाज कसली?"

"लाज नाही. पण एवढंच म्हणाला तर पुढचा प्रश्न ठरलेला. पक्का पगार तलाठ्यालाही आहे, मग पोलीसच का? खरं बोलायचं, पण खऱ्यातलं कुठलं आधी सांगायचं ते ठरवून जायचं."

"हेच आमच्याकडं पढवलेला साक्षीदार करतो."

"आणि मामा, साक्षीला उभं राहायच्या आधी सरकारी वकील साक्षीदाराला त्याचा जबाब वाचायला देतो की नाही?"

"देतो."

"कशाला?"

मामांनी कपबशी खाली ठेवली. "सांगायचं ऱ्हाऊ नये म्हणून."

"मग मी दुसरं काय करते?"

एक गुण बायकोला. मेहुण्याचं खरं उत्तर हळूहळू बाहेर आलं ते असं: कारखान्यात तो क्वालिटीला होता, बिघडलेला सुटा भाग कुठल्या पाळीत, कुठल्या मशीनवर बिघडला हे मागे मागे शोधत जाणं त्याला आवडायचं, ती नोकरी टिकणारी नव्हती, आणि घरात पोलिसांचं काम रोज कानांवर पडत होतं. यात समाजसेवा नाही, आकर्षण नाही. दोन्ही पक्षांनी ते मंजूर केलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशीचा हा एकमेव बिनविरोध ठराव.

पुढचा स्फोट अर्जावर झाला. मुलाखत घेणाऱ्यांसमोर उमेदवाराची माहिती असते: गाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, छंद. शहाणी पोरं छंदात 'वाचन' लिहितात आणि शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं यावर अडकतात. आमच्या मेहुण्यानं लिहिलं होतं, 'बैलगाडा शर्यती पाहणे'.

बायकोनं कपाळाला हात लावला. मामा खूश. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतली शर्यत बापलेकांनी बरोबर पाहिलेली. "हे खरं हाय, ह्येच ऱ्हाऊ दे. ह्यावर त्याला झोपेतनं उठवून विचार."

"विचारते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. मग तुम्ही बघायला जाता त्या शर्यती चालतात कशा?"

मेहुणा सरसावला. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा, त्यात महाराष्ट्रानं २०१७ मध्ये केलेली दुरुस्ती, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली मुभा, मे २०२३ मध्ये घटनापीठानं वैध ठरवलेला तो कायदा, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, चाबूक-काठी-बॅटरीला बंदी. घडाघडा सांगितलं. बायकोचा चेहरा जरा सैल पडला.

"ठीक. तुम्ही बंदोबस्ताला आहात. परवानगी रीतसर आहे. दहा हजार माणूस. एका गाडीवानानं बैलाला बॅटरी लावलेली तुम्ही पाहिली. काय कराल?"

"शर्यत थांबवीन."

"दहा हजार माणसांत?" हा प्रश्न मात्र मामांचा होता. "तुझ्याकडं शिपाई किती? आठ? आरं, गाडा सुटला की थांबत न्हाई. मोबाइलवर व्हिडिओ घे, गाडीचा नंबर घे, आयोजकाला गाठ. परवानगी त्याच्या नावावर हाय, अटी त्यानं सही करून घेतल्यात. गर्दी पांगू दे, मग गुन्हा दाखल कर. बंदोबस्ताला गेलेला फौजदार पयल्यांदा माणसं घरला सुखरूप कशी जातील ते बघतो."

"मामा, हे तुम्ही बोर्डासमोर सांगितलं असतंत तर चाळीसपैकी तीस मिळाले असते," बायको म्हणाली.

"मग ह्याला का न्हाई मिळणार?"

"कारण तुम्ही ते केलंय. त्यानं फक्त ऐकलंय. पुढच्या प्रश्नाला कळेल."

मला वाटतं, इथे त्या दोघांना आपण कशावरून भांडतोय ते पहिल्यांदा नीट दिसलं. मामांना वाटतं, काम येत असेल तर बोलणं आपोआप येतं. बायकोला वाटतं, कामावर रुजू होण्याआधीच मुलाखत होते, तेव्हा काम यायला वाव कुठाय? अजून न केलेल्या कामाबद्दल नीट विचार करता येतो का, एवढंच तिथं तपासतात. मला बायकोचं पटलं, पण तिच्या क्लासमधली पोरं तो विचार करण्याऐवजी उत्तरांच्या झेरॉक्स वाटून घेतात हेही मी पाहिलंय. हे तिला वाचायला मिळणार आहे, तर असो.

मग आला ठाण्यातला प्रसंग. रात्री एक वाजता बाई येते, नवऱ्यानं मारलंय, गाव शेजारच्या ठाण्याच्या हद्दीतलं.

मेहुण्यानं क्लासला शोभेल असं उत्तर दिलं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता फिर्याद घ्यायची, म्हणजे झिरो एफआयआर. फिर्यादीला प्रत मोफत. बायकोनं मान डोलावली.

"गुन्हा कुठला लावशील?" मामा.

"भारतीय न्याय संहिता, ११५ पोटकलम दोन. दुखापत. जुनं ३२३."

"बरं. ते दखलपात्र का अदखलपात्र?"

मेहुणा थांबला. "अदखलपात्र."

"म्हंजे एन.सी. म्हंजे त्या बाईच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आन् सांगायचं, कोर्टात जा. रात्री एक वाजता. रस्त्याला एसटी न्हाई. झिरो-बिरो सगळं ऱ्हायलं बाजूला."

"पण मारहाण तेवढीच असेल तर..."

"तिला इच्यारलंस का, पयल्यांदा मारलं का रोज मारतो? पैशे मागतो का? घरातनं हाकलतो का? बस म्हणालास का? पाणी दिलंस का? ती दोन वाक्यं बोलून गप बसणार, आन् तू त्या दोन वाक्यांवर कलम लावून मोकळा."

बायको हळूच म्हणाली, "रोजचा छळ असेल तर ८५. जुनं ४९८ अ. बाईनं स्वतः किंवा तिच्या नातेवाइकानं फिर्याद दिली तर दखलपात्र."

"तेच म्हंतोय. थप्पड तीच. इच्यारलं तर ८५, न इच्यारलं तर एन.सी. टेबलामागच्या माणसाच्या तोंडात सगळं असतंय. ठाण्यात एन.सी. करून बोळवण करायची सवय असते, कारण गुन्हा दाखल झाला की तपास आला, तपास आला की कागद आला."

हे मी नवीनच ऐकलं. मामांना नव्या कलमांचे आकडे येत नाहीत. ते अजून ३०२ म्हणतात, १०३ म्हणत नाहीत. पण कुठल्या प्रश्नानं कुठलं कलम उगवतं ते त्यांना ठाऊक आहे. बायकोनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुण्याच्या पोरांना आता हा प्रश्न पडणार हे नक्की.

"आता हा घ्या," ती म्हणाली. "आरोपी ताब्यात आहे. आमदारांचा फोन येतो, आमचा माणूस आहे, सोडा."

"मी कुठल्याही दबावाला बळी न पडता ठामपणे नकार देईन," मेहुणा.

"किती वाजता?" मामा.

"म्हणजे?"

"फोन किती वाजता आला? डायरीला काय लिवलंस?"

मेहुणा गप्प.

"आरं, ठामपणे नकार हे नाटकात. फौजदार आमदाराला न्हाई म्हणत नसतो. तो म्हंतो, साहेब, अटकेची नोंद स्टेशन डायरीला झाली, मेडिकलला पाठवलाय, नातेवाइकांना कळवलंय, आता माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई. ह्यात न्हाई हा शब्द कुठं आला? आता तर सीसीटीएनएसवर, म्हंजे कॉम्प्युटरवर नोंद. एकदा चढली की चढली."

"ही पळवाट आहे," बायको म्हणाली. "बोर्ड लगेच पकडेल. नोंद व्हायच्या आधी फोन आला तर?"

"आधी नोंद करायची, मग फोन उचलायचा."

"आणि तुमचे वरिष्ठच म्हणाले, नोंद करू नको?"

"म्हणायचं, साहेब, तसं लेखी द्या."

"आणि नाही दिलं?"

"मग बदली," मामा शांतपणे म्हणाले.

"प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलंय, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवायचं नाही, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ करा..."

मामा नुसते तिच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात त्यांची सगळी नोकरी होती. बायकोनं वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"बदली होईल, हे मी बोर्डाला सांगू का?" मेहुण्यानं विचारलं.

दोघंही एकदम बोलले. मामा म्हणाले सांग, बायको म्हणाली सांगू नको. मग मेहुणा म्हणाला, "मी म्हणेन, नोंद करीन, आणि बदली झाली तर जाईन. सामान कमी ठेवीन." सामानाचं वाक्य बायकोनं खोडलं. मला विचाराल तर तेच ठेवायला हवं होतं.

कोठडीचा प्रश्न निघाला तेव्हा मामी चहाची दुसरी फेरी घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. मारल्याशिवाय गुन्हा उघड होत नाही, पटतं का?

मेहुण्यानं कलम २१, मानवी हक्क, डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल, अटकेचा पंचनामा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, सगळं ओळीनं मांडलं. मामांना ते अर्धंच वाटलं. "हक्काचं बोल, बोललंच पायजे. पण समोरचा पोलीस हाय. त्याला हे बी सांग की पोलिसापुढची कबुली कोर्टात चालतच न्हाई. पयल्यापासनं न्हाई चालत."

"१८७२ चा पुरावा कायदा, कलम २५," बायको. "आता साक्ष अधिनियमात २३."

"आकडा तू सांग. तर मारून काय मिळवलंस? कबुली. ती कोर्टात शून्य. मिळतंय काय, तर त्यानं दाखवून दिलेली वस्तू, पंचांसमक्ष. त्यासाठी डोकं लागतंय, हात न्हाई. मारणारा अधिकारी आळशी असतोय, हे बोर्डाला सांग. त्यातला एकजण तरी हसंल."

"हसतील, पण मामा, एवढ्यावर थांबलं तर चुकीचा अर्थ निघतो," बायको म्हणाली. "मारून फायदा नाही म्हणून मारायचं नाही, असा. आणि फायदा होत असता तर? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसांनी अत्याचार केला. तिथं कुठल्या गुन्ह्याचा तपास अडला होता? सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. माझ्या क्लासमधल्या मुलींना मी हे प्रकरण तोंडपाठ करायला लावते. त्या वर्दी घालणार आहेत, त्या खोलीत एकट्या बसणार आहेत. हक्काचं वाक्य आधी, तुमचं आळशीपणाचं नंतर."

मामांनी वाद घातला नाही. "आधी तिचं, मग माझं," ते मुलाला म्हणाले. मामींनी कप उचलले.

आदर्श कोण, हा प्रश्न मला वाटलं होतं पटकन उरकेल. तुकाराम ओंबळे. बायकोच्या मते दहातली आठ पोरं हेच नाव घेतात आणि पुढे 'शौर्य' या शब्दापलीकडे जात नाहीत. पण ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, म्हणजे मामांच्या जिल्ह्याचे, आणि ओंबळ्यांचा हुद्दाही सहायक फौजदाराचाच. तेव्हा मामा इतक्यात सोडणार नव्हते.

"गिरगाव चौपाटीला नाकाबंदी. हातात काठी. समोर एके-४७ घेतलेला अतिरेकी. नळी धरली आन् सोडली न्हाई, सगळ्या गोळ्या अंगावर घेतल्या. पुढं अशोकचक्र. हे समद्यांस्नी म्हाईत हाय. पण पुढचं कुणी बोलत न्हाई. ओंबळ्यांनी नळी धरली म्हणून तो जिता सापडला. जिता सापडला म्हणून ओळख पटली, कुठनं आला ते कळलं, खटला उभा ऱ्हायला, कोर्टाच्या हुकमानं फाशी झाली. २०१२ ला. मेला असता तर नुसती एक बॉडी. पोलिसाचं काम आरोपी कोर्टात उभा करायचं. ते त्या माणसानं मरता मरता केलं."

बायकोनं पेन खाली ठेवलं. "हे असंच सांग," ती मेहुण्याला म्हणाली, "पण मामांच्या आवाजात नको. तुझ्या आवाजात सांग."

शेवटचा प्रश्न तिनं मुद्दाम राखून ठेवला असावा. "तुम्ही सव्वीस वर्षांचे. नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडून ठाण्यात रुजू झालात. हाताखाली तुमच्या वडिलांच्या वयाचे हवालदार, सहायक फौजदार. त्यांच्याकडून काम कसं करून घ्याल?"

मेहुणा वडिलांकडे न बघता म्हणाला, "त्यांच्या अनुभवाचा आदर करीन, पण शिस्तीच्या बाबतीत तडजोड..."

"आदर बिदर राहू दे," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोरगं बापाला आदर दाखवतंय, साहेबानं काय दाखवायचा? रजेच्या अर्जावर सही कर. हवालदाराच्या पोरीचं लगीन असतंय आन् साहेब म्हंतो बंदोबस्त हाय. साप्ताहिक सुट्टी दे. गणपतीत सलग ड्युटी लागली तर शिफ्ट लावताना म्हाताऱ्याला रात्रपाळी सारखी सारखी लावू नको. आन् चारचौघांत अरे-तुरे करू नको, चूक असली तर केबिनमध्ये बोलव."

"आणि काम चुकवलं तर?" बायको.

"तर मेमो दे! म्हातारा हाय म्हणून सोडायचं न्हाई. म्हाताऱ्याला समदं म्हाईत असतंय, कुठं दडायचं ते बी."

बायको हसली. मेहुणा नाही हसला. त्याला बहुतेक तेव्हाच कळलं असावं की यादीत नाव आलं तर तो पहिल्याच दिवशी वडिलांच्या निवृत्तीच्या हुद्द्याच्या वर जाऊन बसणार.

"अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिलाय," बायको म्हणाली. "म्हणजे विचारणारच. वडील सहायक फौजदार होते, त्यांच्याकडून काय शिकलात?"

"ते मी इथं असताना कशाला?" मामा उठायला लागले.

"बसा मामा. बोर्डात तर तुमच्यापेक्षा मोठी माणसं असणार."

मेहुण्यानं थोडा वेळ घेतला. "तर सर... डायरीला आधी वेळ लिहायची, मग मजकूर."

"आणि?" मामा.

"दोन नोंदींमध्ये ओळ कोरी सोडायची नाही. मागनं कुणीतरी भरतं."

"चालेल," बायको म्हणाली. "पण 'तर'नं सुरुवात करू नकोस. आणि 'मागनं' नाही, 'नंतर'."

"मागनंच ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले, आणि वाद पुन्हा सुरू झाला.